पाळी आली तरी यात्रेला

महाशिवरात्र जवळ आली की आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या गायमुखाची ओढ लागते. सातपुड्याच्या डोंगरातला झरा आणि महादेवाचं दर्शन. गटाची गाडी ठरते, शिदोरी ठरते. पण दर वर्षी कुणीतरी हळूच म्हणते, "ताई, माझं नाव काढा." तेव्हा पाळीची तारीख असते, हे सगळ्यांना कळतं.

अशा वेळी बैठकीत आम्ही जपानमधल्या कुमानो यात्रेची गोष्ट सांगतो. ही यात्रासुद्धा डोंगरातलीच. तिथे नाचीचा 133 मीटर उंच धबधबा आहे. शिंतो धर्माचे लोक त्या धबधब्यालाच देव मानतात. हजार वर्षांपूर्वी इझुमी शिकिबू नावाची कवयित्री होऊन गेली. तिची कथा तिथे सांगतात. देऊळ लांबून दिसू लागलं आणि तिला पाळी आली. तिथूनच हात जोडून ती थांबली. रात्री देवाने स्वप्नात येऊन तिला बोलावलं, आणि ती दर्शनाला गेली. जवळच्याच ओमिने डोंगराच्या माथ्यावर मात्र आजही बायकांना जाऊ देत नाहीत. म्हणजे नियम जागोजागी वेगळे, आणि ते माणसांनीच ठरवलेले.

आमच्या गटात आता ठरलंय, पाळीमुळे कुणाचं नाव कापायचं नाही. जायचं की नाही, ते जिचं तिने ठरवायचं. घरी सासूबाईंशी बोलायला दोघी सोबत जातात. गाडीत पॅड, जुने कागद आणि जास्तीचं पाणी असतं. वाटेत संडासची सोय कुठे आहे, ते आधी विचारून ठेवतो. पोट दुखत असेल तर जरूर घरी राहावं, पण लाजेपायी राहू नये.

तुमच्या गटातही यादी करण्याआधी एवढं बोलून घ्या.