गंज हाही शेतीचा खर्चच
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोखंड आपल्या भंडारा जिल्ह्याला परके नाही. वरठीला पोलाद तयार होते. पोलादाला लागणारे मँगनीज तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. पण हेच लोखंड केजव्हील होऊन आपल्या बांधीत उतरते तेव्हा त्याचे काय होते? चिखलणी आटोपते, रोवणीची घाई सुरू होते, चाके चिखलासकट धुऱ्यावर पडतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी तिकडे पाहत नाही.

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. रंगाचे काम पाणी आणि हवा अडवण्याचे. शोभा ही वरकड. खत पेरणाऱ्या यंत्राला तर दुहेरी मार. पोटॅश खतातला क्लोराइड गंजाचा वेग वाढवतो.

आता हिशेब करू. समजा, २०,००० रुपयांचे अवजार १० वर्षे टिकले, तर वर्षाचा घसारा २,००० रुपये. तेच गंजून ५ वर्षांत मोडीत गेले, तर ४,००० रुपये. हे वरचे २,००० कोणाच्या वहीत लिहिलेले आहेत? कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ए-१ खर्चात अवजारांचा घसारा धरलेला असतो. आपल्या घरच्या वहीत मात्र तो रकानाच नाही. मग धानाच्या उत्पादनखर्चावर आपण भांडायचे कशाच्या जोरावर?

म्हणून आधी गंज थांबवू. स्प्रेचा तयार डबा घ्या की कंप्रेसर आणि गन भाड्याने आणा, रीत एकच आहे.

अवजार धुवा, पूर्ण वाळवा. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, मग सँडपेपरने घासा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो रंगाखाली राहिला की फुगतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तेलाचा, ग्रीसचा अंश थिनरच्या फडक्याने पुसून काढा. मग रेड ऑक्साइड प्राइमर, आणि तो वाळल्यावर रंग. जस्ताच्या पत्र्यावर साधा रंग धरत नाही; त्याचा प्राइमर वेगळा मागून घ्या.

फवारताना डबा वीतभर अंतरावर धरा. हात आधी हलवा, मग बटण दाबा. कडेच्या पुढे गेल्यावर सोडा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. एकाच जागी हात थांबला की ओघळ येतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या, आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. दव पडलेल्या सकाळी रंग पांढुरका पडतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या लोखंडावर तो पोचेपर्यंतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. होळीच्या सुमारास, दव उडाल्यावरची सकाळ आपल्याकडे चांगली.

फाळाला आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना रंग देऊ नका, माती तो लगेच खरवडते. त्यांना ग्रीस लावून कोरड्या जागी ठेवा. बेअरिंग, आटे, हायड्रॉलिकचा दांडा आणि नंबरची पट्टी कागदाने झाका. धान्याच्या कोठीला आतून हा रंग लावायचा नाही.

आता जिवाची गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. रंगाचा फवारा कीटकनाशक नव्हे, पण थिनरची वाफही छातीत जाते आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा ती अडवत नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. वाफ रोखणारा मास्क आणि चष्मा लावा. डब्यातला वायू पेट घेतो. चूल, बिडी, वेल्डिंग लांब ठेवा. डबा उन्हात ठेवू नका, रिकामाही जाळू नका.

आणखी एक. पूर्वी लोखंडाला शेंदराचा प्राइमर देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित झाले ते १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणून जुन्या अवजाराचा रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, लेकरांना दूर ठेवा, हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नका.

भावांनो, एकट्याने कंप्रेसर आणणे परवडत नसेल तर पाच-दहा घरांनी मिळून दोन दिवसांसाठी आणा. आणि पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक यादी आणा: कोणते अवजार, केव्हा घेतले, किंमत किती, दुरुस्ती आणि रंग मिळून खर्च किती, मोडीत केव्हा गेले. तुमसर, मोहाडी, भंडारा, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, सातही तालुक्यांच्या याद्या एकत्र झाल्या की धानाच्या खर्चाचा एक कप्पा तरी आपल्या स्वतःच्या आकड्यांनी भरलेला असेल. मग तो खोडून दाखवण्याचे काम समोरच्याचे.