शेजार हाच पहिला आधार
(मंडळाच्या वर्धापनदिनी सांगली येथे केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा मला हुकूम झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची सवय नाही. तेव्हा नळावर आणि भाजीबाजारात बोलते तशीच बोलणार आहे. ते गोड मानून घ्यावे. विषय मला असा दिला आहे की, आपण गृहिणींनी घर सांभाळून आपल्या वस्तीसाठी काय करावे.

समाजकार्य म्हटले की आपण दबकतो. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना स्वतः गेलेल्या सावित्रीबाई फुले कोठे, पुण्यात १९०९ साली सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे कोठे, आणि आपण कोठे! असे मनात येते. पण दुसरेही एक उदाहरण आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल काय, तर ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्यातूनच पुढे लिज्जत पापडाचा हजारो बायकांचा उद्योग उभा राहिला. त्या बायका शेजारणी होत्या. एकमेकींचा स्वभाव आणि एकमेकींची नड त्यांना ठाऊक होती. मोठे काम होते ते अशा ओळखीतून, असे मला वाटते.

आपल्या सांगलीकरांना हे निराळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णामाई ४० फुटांवर आली की इशारा आणि ४५ फुटांवर आली की धोका, हे आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली. पुढे बोटी आल्या, जवान आले, गावोगावहून भाकरी आल्या. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा पहिली हाक कोणी दिली? शेजारणीनेच. कोणत्या घरात म्हातारी अंथरुणावर आहे, कोणाची सून दिवसांत आहे, कोणाला इन्सुलिन लागते, हे तिलाच माहीत होते. ते तिला त्या दिवशी कळले नव्हते. वर्षभर वाटीभर साखरेची देवघेव केली, पापड वाळत घालताना गप्पा मारल्या, त्यातून कळले होते. शेजारधर्म हा पुराच्या दिवशी शिकता येत नाही, बायांनो. तो रोजच्या रोज घालून ठेवावा लागतो, विरजणासारखा.

आता नुसती गोड वाक्ये नकोत. काय करता येईल ते सांगते.

पहिली गोष्ट, गल्लीची एक वही. दर घराचे एक पान. माणसे किती, एकटे कोण राहते, जिना कोणाला उतरवत नाही, नातेवाइकाचा फोन कोणता, आणि नदी ४० फुटांवर आली की त्या घराला हात द्यायला कोणी जायचे. हे आधीच ठरलेले असावे. पाणी गळ्याशी आल्यावर नावेत गर्दी होते. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली, ती आठवण अजून काळीज कापते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकुरवाळीला कोरड्या रस्त्यावरून नेणे आपल्या हाती आहे. मात्र एक पथ्य पाळायचे. वहीत त्या घराच्या संमतीशिवाय एक अक्षर लिहायचे नाही, आणि त्यातले नळावर बोलायचे नाही. नाहीतर ती मदतीची वही न राहता चहाडीची वही होईल.

दुसरी गोष्ट, रोजची एक खेप. प्रत्येकीने एकट्या राहणाऱ्या एका माणसाकडे दिवसातून एकदा डोकवावे. पाच मिनिटे पुरतात. दूध आत घेतले आहे का, चूल पेटली आहे का, औषध घेतले का, एवढे पाहायचे. माझ्या समोरच्या आक्कांकडे मी सकाळी फुले द्यायला जाते. फुले हे निमित्त. आक्कांनाही ते कळते, आणि मला कळते की त्यांना कळते! पण "तुमची काळजी घ्यायला आले" असे म्हटले तर मानी माणूस दार लावून घेईल. उपकाराचा वास येऊ न देता मदत करावी, ती कला आपल्या सासवा-आज्यांना चांगली अवगत होती.

तिसरी गोष्ट दुखण्याची. जुलाब-वांती सुरू झाली तर शेजारणीने लगेच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे, आणि दवाखान्यात न्यावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळते. क्षयाचे औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागते. पण दोन महिन्यांत बरे वाटते आणि माणूस गोळ्या सोडतो, तिथेच घात होतो. "आज गोळी घेतली का गं?" हे विचारणारी एक शेजारीण हवी. आणि त्या घरचा चहा न घेणाऱ्या दहा जणी नकोत. चहाच्या कपाने क्षय होत नाही. तो हवेतून, रोग्याच्या खोकल्यातून पसरतो, आणि औषध नीट सुरू राहिले की ती भीतीही पुष्कळ कमी होते.

चौथी गोष्ट, आपले हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटतो, आणि प्रत्येकीच्या माळ्यावर त्यांचा ढीग पडतो. यंदा मंडळाने पाणी न शिरणारी, तोंड घट्ट बंद होणारी पिशवी वाण म्हणून द्यावी. रेशनकार्ड, आधार, पासबुक, मुलांचे दाखले त्यात राहतील. पुरात भिजलेले कागद पुन्हा मिळवताना किती खेटे घालावे लागले, हे इथे बसलेल्या निम्म्याजणींना ठाऊक आहे.

आणि हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलवावे. सगळ्या म्हणजे सगळ्या. ज्यांचे यजमान गेले त्यांनाही. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे कळवले. गावाला जे जमले ते गल्लीला जमू नये का? जी बाई आपल्या मुलांना ताप आला तर रात्री धावून येते, तिला संक्रांतीला मात्र दाराबाहेर ठेवायचे, हा कोठला न्याय?

आता थोडी कडू गोष्ट. मागच्या सभेत वहीची गोष्ट निघाली तेव्हा दोघी-तिघींनी विचारले, "भाडेकरूंची नावे कशाला? ती माणसे आज आहेत, उद्या नाहीत. परप्रांतीय तर आपली भाषाही बोलत नाहीत." त्या माझ्याहून मोठ्या आहेत, त्यांचा मान राखून मी उत्तर देते. २०१९ च्या पुरात आमच्या मागच्या खोलीत फरशी बसवणारी बिहारची तीन पोरे राहत होती. त्यांनी आमच्या सासूबाईंना खुर्चीसकट उचलून गच्चीवर नेले, आणि मग शेजारच्या काकांना. त्यांनी आमची भाषा विचारली नाही. पाणी घरमालकाच्या आणि भाडेकरूच्या घरात एकाच उंचीने चढते. उलट नव्या माणसालाच आधार कमी. त्याला ना दवाखाना ठाऊक, ना नदीचे फूट ठाऊक. म्हणून माझे म्हणणे असे की, वहीतले पहिले पान सर्वांत नव्या बिऱ्हाडाचे असावे. नवे बिऱ्हाड आले की आठवड्याच्या आत आपल्यापैकी एकीने जावे, पाण्याची वेळ आणि कचऱ्याच्या गाडीची वेळ सांगावी, आणि आपले नाव सांगून यावे. सभेने यावर आज मत द्यावे, अशी माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, वेळ कोठे आहे? खरे आहे. धुणी-भांडी, स्वयंपाक, मुलांच्या शाळा, कित्येकींची बाहेरची कामे. पण मी सांगितले त्यात एकही काम पाच-दहा मिनिटांहून मोठे नाही. आपण एकमेकींत वाटून घेतली तर कोणाच्याही पोळ्या करपणार नाहीत.

चहापाण्यानंतर दाराजवळच्या टेबलावर वही आणि पेन्सिल ठेवली आहे. जिला जे घर जवळचे, तिने त्या घरापुढे आपले नाव लिहावे. पावसाळा सुरू होण्याआधी एकही पान कोरे राहू नये, एवढेच मागते.