लाखाचा लॅपटॉप आणि गटाची पेटी



गेल्या महिनाभरात गटांच्या बैठकांना जाईल तिथं आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आला. पन्हाळ्याकडच्या एका ग्रामसंघाला कॉम्प्युटर घ्यायचाय, आणि कुणीतरी त्यांना सांगितलंय, घ्यायचाच तर लाखाचा घ्या, परत बघायला नको. शिरोळ तालुक्यातल्या एका आक्कांची लेक कोल्हापुरात शिकते, तिला ॲपलचाच लॅपटॉप हवाय. हातकणंगल्याकडच्या गटाचा जुना कॉम्प्युटर चांगला चालतोय, पण दुकानदार म्हणतो तो आता भंगारात काढा. आम्ही चौघीजणी गटांचे हिशेब, अर्ज आणि बिलं करून देतो, म्हणून हा विषय आमच्याच गळ्यात पडला. तर आज त्यावरच बोलू. महागडा कॉम्प्युटर अजून त्याच्या किमतीला उतरतो का?

दुकानात जायच्या आधी वारणेला जाऊ. कारण गावासाठी महाग यंत्र घ्यावं का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पंचवीस वर्षांपूर्वीच येऊन गेलाय.

१९९८ साली वारणानगरला एक मोठा प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहाच्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची, असं ठरलं. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तो केला. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे बँकेत काचेच्या खोलीत ठेवायची वस्तू, चप्पल काढून आत जायचं. आणि इथं गावातल्या केंद्रात तो आला! बाजारभाव कळतील, शेतीची माहिती मिळेल, सरकारी कागद मिळतील, अशी मोठी स्वप्नं होती. देशभरातून लोक बघायला येत.

पुढं झालं काय? केंद्रं चालली, पण ती मुख्यतः एकाच कामासाठी चालली, ते म्हणजे उसाचा हिशेब. कुणाचा किती ऊस गेला, वजन किती भरलं, तोड कधी मिळणार. हे काम महत्त्वाचंच होतं, ज्याच्या शेतात ऊस वाळत उभा राहतो त्याला तोडीची तारीख म्हणजे काय ते विचारा. पण तेवढ्यासाठी प्रत्येक केंद्रात एक कॉम्प्युटर, त्याची वीज, त्याची दुरुस्ती एवढा पसारा लागत होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन विभागातल्या लोकांनी वारणेत सात गावांमध्ये आठ महिने एक प्रयोग केला. कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाईलवर एसएमएसनं करून बघितलं. २००७ साली त्यांनी त्याचा निष्कर्ष मांडला. कॉम्प्युटरवर होणारं सगळं काम मोबाईलवर झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांनाही तेच जास्त सोयीचं वाटलं. गंमत बघा, कॉम्प्युटरवरच ज्यांचा सगळा व्यवसाय, त्या कंपनीच्या माणसांनीच हे सांगितलं.

म्हणजे कॉम्प्युटर वाईट होता असं नाही हं. त्याच वारणेत, आपल्या गोकुळच्या गावागावातल्या दूध संस्थांत कॉम्प्युटर टिकला. तिथं रोज दोन वेळा वजन, फॅट, दर यांचा हिशेब होतो, हातात पावती पडते, आणि घालणाऱ्या बाईला आपल्या दुधाचे किती झाले ते तिथल्या तिथं कळतं. एका ठिकाणी यंत्राला रोजचं काम होतं, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या ऐपतीच्या मानानं काम कमी पडलं. आज लाखाचा लॅपटॉप घेताना आम्हाला हाच फरक आठवतो.

आता आपल्या गटांचं काम काय असतं ते बघा. बैठकीचं इतिवृत्त, बचत आणि कर्जाच्या नोंदी, बँकेचे कागद, मसाल्याची नाहीतर चटणीची लेबलं, जीएसटीचं बिल, सरकारी पोर्टलवरचे अर्ज. उमेदच्या गटांच्या नोंदी तर लोकॉस नावाच्या ॲपवर भरतात, ते मोबाईलवर नाहीतर टॅबवर चालतं. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला किती गर्दी उडाली होती आठवतंय ना? त्यातले कितीतरी अर्ज अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मोबाईलवरच भरले गेले. या सगळ्या कामाला लाखाचं यंत्र लागत नाही. स्कूटीवर बाजार आणायचा असेल तर ट्रक कशाला?

पण महाग यंत्रात काहीच नसतं असंही आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी स्वस्त आणि महाग यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. स्वस्त कॉम्प्युटर चालू केला की चहा करून यावं, तरी तो गरगरतच असायचा. त्याचं मोठं कारण म्हणजे आतली फिरणारी हार्ड डिस्क. आता साध्या लॅपटॉपमध्येही एसएसडी येते, म्हणजे न फिरणारी साठवण, आणि त्यानं पंचेचाळीस हजाराचं यंत्रही चटकन उठतं. तेव्हा रोजच्या कामात तो जुना फरक बराचसा मिटलाय. तरी काही गोष्टी उरल्यात. ॲपलनं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या एम वन चिपचा मॅकबुक एअर आणला, आपल्याकडं त्याची किंमत होती ९२,९०० रुपये. त्यात पंखाच नाही, त्यामुळं धूळ ओढून घेत नाही, तापत कमी, आणि एकदा चार्ज केला की दिवसभराचं काम निघतं. भारनियमनाच्या गावात ही लहान गोष्ट नाही. आणि पाच वर्षांनी, २०२५ मध्ये आलेली ॲपलची नवी सिस्टीमही त्या यंत्रावर चालते. टिकाऊपणात त्याला नाव ठेवायला जागा नाही.

मग अडतं कुठं? पहिलं म्हणजे दुरुस्ती. आपण कोल्हापूरच्या बायका, आपल्याला चपलेचं उदाहरण लगेच कळेल. अस्सल कोल्हापुरी चप्पल प्लॅस्टिकच्या चपलेपेक्षा महाग असते, तरी आपण घेतो. का? तळ झिजला तर नवा तळ लागतो, अंगठा तुटला तर शिवून मिळतो, वर्षानुवर्षं चालते. तिची किंमत तिच्या दुरुस्तीत वसूल होते. (त्या इटलीच्या मोठ्या कंपनीनं २०२५ मध्ये आपल्यासारखीच चप्पल मिलानच्या शोमध्ये मिरवली तेव्हा आम्ही बैठकीत खूप हसलो होतो, आणि चिडलोही होतो. ते असो.) या पातळ महागड्या लॅपटॉपचं उलटं आहे. मॅकबुक एअरची मेमरी, म्हणजे रॅम, आतल्या पाटीवरच चिकटवलेली असते. साठवणही तशीच. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत साधा मॅकबुक एअर आठ जीबी रॅमचा यायचा, आणि सोळा हवी असेल तर वर वीस हजार मोजावे लागत, जी मेमरी बाजारात त्याच्या कितीतरी कमीत मिळायची. त्यानंतर कंपनीनं सगळ्याच एअरना सोळा जीबी दिली, तीही किंमत न वाढवता. म्हणजे तोपर्यंत ग्राहक जादाचे पैसे कशाचे भरत होता, ते ज्याचं त्यानं समजावं. आणि फक्त ॲपलच नव्हे, बाकी कंपन्यांच्या पातळ महाग यंत्रांतही आता हीच तऱ्हा आहे.

दुसरी अडचण आपल्या कामाची. टॅली विंडोजसाठीच बनतं, मॅकवर चालवायचं तर वळसे घ्यावे लागतात. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन, जुना प्रिंटर, यांतलं कुठलं मॅकवर चालेल याची खात्री आधी करून घ्यावी लागते. अंगठ्याची बहुतेक मशीन तर विंडोज आणि अँड्रॉइड यांच्यासाठीच असतात. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी सेवा केंद्र काढायचं म्हणून भावाकडून मॅकबुक आणला होता. यंत्र झकास, पण अंगठा घ्यायचा तर शेजारच्या दुकानात. शेवटी त्या कामासाठी त्यांनी जुना विंडोज लॅपटॉप घेतला आणि मॅकबुक लेकीला दिला.

आता हिशेब. यात गटाच्या पेटीचा भाग आहे, म्हणून जरा पेन घ्या.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या मॅकबुक एअरची किंमत आपल्याकडं ९९,९०० रुपयांपासून सुरू झाली. धरा एक लाख, आणि आठ वर्षं चालला असं धरा. वर्षाला साडेबारा हजार. चाळीस हजारांचा साधा लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला दहा हजार. बघितलंत? वाटतो तेवढा फरक नाही. महाग यंत्र विकणारा माणूस हाच हिशेब दाखवतो, आणि तो खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट राहते. वरचे साठ हजार आज एकदम जातात. ते पेटीत असते तर कुणाच्या शेळीसाठी, कुणाच्या शिलाई मशीनसाठी, कुणाच्या दवाखान्यासाठी फिरले असते. शेकडा एक रुपया दरानंसुद्धा साठ हजारांचे महिन्याला सहाशे, वर्षाला ७,२०० रुपये गटात येतात. चार वर्षांत २८,८००. मग पाचव्या वर्षी दुसरा चाळीस हजारांचा लॅपटॉप घेतला तरी पेटी पुढंच राहते. पगारदार माणसाचा पैसा खात्यात पडून असतो, त्याला हा हिशेब लागू नाही. गटाचा पैसा पडून नसतो.

म्हणून ग्रामसंघाच्या ताईंना आमचं सांगणं, लाखाचा घेऊ नका. बसून काम करायची एक ठरलेली जागा असेल तर डेस्कटॉप आणि यूपीएस. वीज भरवशाची नसेल, बैठकांना न्यायचा असेल तर मध्यम लॅपटॉप, सोळा जीबी रॅमचा नाहीतर निदान रॅम वाढवता येणारा. आणि एक वाट लोक विसरतात. मोठ्या कंपन्या आपल्या ऑफिसातले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे लॅपटॉप काही वर्षांनी काढून टाकतात. नवे असताना ते लाखाच्या घरातलेच असतात, मजबूत, खोलून दुरुस्त करता येणारे. तेच नीट करून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांत मिळतात, आम्ही विचारलं तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास होते. महाग यंत्राचा दणकटपणा हवा असेल तर तो असा अर्ध्याहून कमीत मिळतो. बॅटरी मात्र तिथंच तपासून घ्यायची, वॉरंटी कागदावर लिहून घ्यायची, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना ते विचारायचं.

आठवी पिढी कशासाठी, ते हातकणंगल्याच्या गटाच्या प्रश्नात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली. विंडोज इलेव्हन अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच्या यंत्रांवर चालतं. म्हणून दुकानदार भंगार म्हणाला. पण बंद पडलं ते अपडेट, यंत्र नव्हे. त्यावर बँकेचा व्यवहार करू नका, एवढं नक्की. टॅली आणि अंगठ्याचं मशीन त्यावर नसेल, नुसतं लिहिणं, छापणं असेल, तर लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकून घ्या, मराठीही त्यात नीट लिहिता येतं. आत अजून फिरणारी डिस्क असेल तर एसएसडी बसवा. २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव जगभर चढलेत, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलायला घेतलाय, तरीही हा खर्च नव्या यंत्रापेक्षा कमीच पडेल.

राहिली शिरोळच्या आक्कांची लेक. तिच्या बाबतीत आमच्या चौघींत एकमत झालं नाही. आमच्यातल्या दोघी म्हणतात, पोरीला कर्जात घालू नका. आम्ही उरलेल्या दोघी म्हणतो, ती शिकते काय ते आधी विचारा. व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन, आयफोनसाठी ॲप बनवणं असं शिकत असेल आणि त्यावर लगेच कमाई सुरू करणार असेल, तर तिचं यंत्र म्हणजे सुताराचा रंधा. तिथं महाग यंत्र वेळ वाचवतं आणि वेळाचे पैसे मिळतात. जुना विकायला काढला तर ॲपलला भावही बरा येतो. शिवाय घरी जुना पडदा आणि कीबोर्ड असेल तर मॅक मिनी नावाचा छोटा डबा आहे, २०२४ मध्ये तो ५९,९०० ला आला, आत चिप एअरमधल्यासारखीच. पण ती बी.कॉम. करत असेल आणि मैत्रिणींकडं आहे म्हणून हवा असेल, तर आक्का, टॅली शिकायला तिला विंडोजच लागणार आहे.

शिरोळचं नाव निघालं म्हणून आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा, कृष्णा घरात आली तेव्हा महाग-स्वस्त सगळी यंत्रं सारखीच भिजली. गेलेला लॅपटॉप परत घेता येतो, आठ वर्षांच्या कर्जाच्या नोंदी परत येत नाहीत. यंत्रावर वाचवलेल्या पैशातून चार हजारांची एक बाहेरची डिस्क घ्या. दर महिन्याच्या बैठकीनंतर सगळं तिच्यात उतरवा, आणि ती डिस्क कॉम्प्युटरच्या घरी ठेवू नका. गावात ज्या सखीचं घर उंचावर आहे, माडीचं आहे, तिच्याकडं ठेवायला द्या. आणि बिल गटाच्या नावानं घ्या, कुणाच्या मालकांच्या नावानं नको.