महानगराला मिळणारे अनुदान

सरकारने शेतकऱ्याला अनुदान द्यावे, ही गोष्ट आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पंपासाठी, शेततळ्यासाठी, फळबागेसाठी अर्ज करावा, त्याची छाननी व्हावी आणि मंजुरीचा कागद हाती यावा, असा तो क्रम. परंतु शेतकरी आणि कोळी मिळून एका महानगराला अनुदान देतात, तेही अर्जावाचून, मंजुरीवाचून आणि पावतीवाचून, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. कोलकात्याच्या पूर्वेला हे नवल जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे.

कोलकाता हुगळीच्या काठी वसले आहे खरे. पण तेथील जमिनीचा उतार हुगळीकडे नाही, तो पूर्वेकडे आहे. शहराचे सांडपाणी त्यामुळे पूर्वीपासून पूर्वेला वाहत गेले. तिकडे विद्याधरी नावाची भरती-ओहोटीची नदी होती आणि तिच्या आसऱ्याने पसरलेली खाऱ्या पाण्याची तळी होती. गाळाने ही नदी भरत गेली आणि १९२८ साली ती निचऱ्याच्या दृष्टीने मृत ठरविण्यात आली. समुद्राचे खारे पाणी येईनासे झाले. शहराचे मैलापाणी मात्र येतच राहिले. अशा वेळी तेथील मत्स्यव्यावसायिकांनी १९३०च्या सुमारास एक धाडस केले. त्यांनी ते सांडपाणीच बांध घातलेल्या उथळ तळ्यांत घेतले आणि त्यात मासे वाढविले. या तळ्यांना बंगालीत भेडी म्हणतात.

भेडीचे काम समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात तळे रिकामे करून त्याचा तळ उन्हात वाळवितात आणि नांगरतात. मग सांडपाणी आत सोडून ते काही दिवस स्वस्थ ठेवतात. पाणी उथळ असल्यामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोचतो. जिवाणू घाण विघटित करतात, शेवाळ प्राणवायू पुरविते आणि काळे पाणी हळूहळू हिरवे होते. त्यानंतरच रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात. माशांनी शेवाळ खाल्ले नाही तर तेच माजून पाणी पुन्हा बिघडावयाचे. काठाने लावलेली जलपर्णी लाटांपासून बांध राखते. पाणी केव्हा तयार झाले हे मजूर त्याच्या रंगावरून आणि वासावरून ओळखतो. भेडीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर पुढे भातशेती होते आणि धापा येथे शहराच्या कचऱ्यावर भाजीपाल्याचे मळे पिकतात. शहर जे टाकून देते, तेच मासळी, भात आणि भाजी होऊन त्याच्या बाजारात परत येते.

या व्यवस्थेचा अर्थ बाहेरच्या जगाला उलगडून सांगितला तो डॉ. ध्रुवज्योती घोष यांनी. ते राज्य शासनाच्या सेवेतील अभियंते होते. १९८०च्या सुमारास, शहराच्या सांडपाण्याचे पुढे होते तरी काय, याचा शोध घेत ते कालव्यांच्या काठाने पूर्वेला गेले. आणि जे शुद्धीकरण केंद्र लाखो रुपये खर्चून उभारावे लागले असते, ते मासेमारांनी आधीच उभारून ठेवलेले त्यांना आढळले. निसर्ग आणि हे कष्टकरी मिळून या शहराला अनुदान देत आहेत, असा विचार घोष यांनी आयुष्यभर मांडला. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'ग्लोबल ५००' सन्मान देऊन त्यांचा गौरव केला. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

परंतु शहरालाही जागा हवी होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी कोलकाता गजबजून गेले आणि १९६२ पासून हुगळीतील वाळू-गाळ नळांवाटे आणून उत्तरेकडील तळी बुजविण्यात आली. त्यावर सॉल्ट लेक हे उपनगर उभे राहिले. गरज खरी होती, हे नाकारता येणार नाही. पण एकदा बुजलेली पाणथळ पुन्हा पाणथळ होत नाही, हेही तितकेच खरे. पुढे आणखी बांधकामांच्या योजना येऊ लागल्या, तेव्हा 'पब्लिक' या नागरिकांच्या संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९२ साली न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ भरण्यास आणि जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. १९ ऑगस्ट २००२ रोजी हा १२,५०० हेक्टरांचा प्रदेश रामसर कराराच्या यादीत गेला. त्यात सुमारे ५,८५२ हेक्टर तळी, ४,७१९ हेक्टर शेती, ६०३ हेक्टर कचऱ्यावरचे मळे आणि उरलेली वस्ती अशी वाटणी आहे. २००६ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार एका प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीवाचून येथील जमिनीचे स्वरूप बदलता येत नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. परवानगीचा अर्ज समोर आला म्हणजे त्या जमिनीचे मोल कोणत्या मापाने करावयाचे?

अमेरिकेत या प्रश्नाला एक उत्तर शोधले गेले आहे. १९८५च्या कायद्याने तेथे अशी योजना निघाली की, धूप होणारी जमीन शेतकऱ्याने दहा ते पंधरा वर्षे पिकाखालून काढून गवताखाली वा झाडांखाली ठेवावी आणि सरकारने त्याबद्दल वार्षिक भाडे द्यावे. अर्ज फार येऊ लागले, तेव्हा त्यांना गुण देण्याची पद्धत ठरली. वन्य जीवांचा आसरा, पाण्याची शुद्धता आणि धुपीला आळा या तिहींना प्रत्येकी शंभरपर्यंत गुण. लाभ किती टिकेल आणि हवेला किती उपयोग होईल, यांना त्याहून कमी. शिवाय ज्याने भाडे कमी मागितले त्यालाही अधिक गुण. सर्व अर्ज एका रांगेत लावून वरचे घ्यावयाचे. या पद्धतीत एक मोठा गुण आहे. कोणाच्या ओळखीने वा वशिल्याने नव्हे, तर जाहीर निकषांवर निवड होते.

पण हाच तक्ता भेडीला लावून पाहावा. तेथे धूप नाही. म्हणजे तो रकाना कोरा. जमिनीला विश्रांती द्यावी, ही त्या योजनेची मूळ कल्पना. भेडीला विश्रांती म्हणजे मरण. तळ नांगरला नाही, बांध राखला नाही, वेळेवर सांडपाणी मिळाले नाही, तर एक-दोन वर्षांत तळे आटते आणि गवत माजते. मग त्याच जमिनीचा अर्ज येतो आणि त्यात लिहिलेले असते की, ही जागा पडीक आहे, हिचा काही उपयोग नाही. पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्यालाही तेथे पडीकच दिसते. पाण्याचा ओघ कोठे अडला आणि का अडला, हे तक्ता विचारीत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. अर्ज एकेका तुकड्याचा येतो. पाणथळ मात्र अखंड असते. बिघाभर जमीन गेली तर शहर बुडत नाही, हे प्रत्येक अर्जापुरते खरे असते. अशी शंभर खरी विधाने एकत्र केली की, त्यांची बेरीज खोटी ठरते. मुंबईकरांना हे वेगळे सांगावयास नको. मिठी नदीच्या काठची दलदल अशीच तुकड्यातुकड्याने भरत गेली; आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या पाण्याला पसरावयास जागा उरली नव्हती.

तेव्हा गुण द्यावेत, पण ते जमिनीच्या आजच्या चेहऱ्याला नव्हेत, तर तिच्या कामाला द्यावेत. हे तळे किती सांडपाणी निर्मळ करते, किती घरे त्यावर जगतात, ते गेले तर शेजारच्या भेडीचा ओघ राहतो की तुटतो, हे रकाने त्या तक्त्यात आधी असावेत. आणि एक रकाना कामकऱ्याचाही असावा. कायदा तळे बुजविणाऱ्याचा हात धरू शकतो. पण हिवाळ्यात तळ नांगरावयास कोणाला उभा करू शकत नाही. मासळीत पोट भरेनासे झाले आणि मुलगा शहरात नोकरीला गेला की, कागदावर राखलेली भेडी जमिनीवर संपते.

शहराचे पाणी अजून पूर्वेकडे वाहते आहे. भल्या पहाटे भेड्यांवरचे मासे कोलकात्याच्या बाजाराकडे निघतात. ते विकत घेणारा माशाची किंमत मोजतो. आपल्या घरातून कालव्यात गेलेले पाणी धुऊन मिळाले, त्याची किंमत त्या हिशेबात धरलेली नसते. ज्या दिवशी जमिनीच्या अर्जावर ती किंमतही मांडली जाईल, त्या दिवशी अनुदान कोण देतो आणि कोण घेतो, हे प्रथमच स्पष्ट होईल.