नर्सिंगच्या जोडीला कोणते प्रमाणपत्र?
गोंदिया जिल्ह्यात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग शिकणाऱ्या मुला-मुलींनो, जोडीला एखादे प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर पहिली पसंती ‘बेसिक लाइफ सपोर्ट’ला, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याच्या प्रशिक्षणाला द्या. पुतळ्यावर सराव करून घेतात: प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने, 30 दाबांनंतर 2 श्वास. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे हे प्रमाणपत्र 2 वर्षे चालते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. म्हणून रक्तनमुना घेण्याचे आणि समुपदेशनाचे प्रशिक्षणही कामी येते. मात्र अशा प्रमाणपत्राने परिचारिकेची नोंदणी मिळत नाही. ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच करते. तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेची मान्यता नक्की तपासा.