उशाशी उभी असलेली



रोग्यांस भेटावयास आम्ही घरोघर जातो, खाटेपाशी बसून प्रार्थना करितो. परंतु उशाशी उभ्या असलेल्या वृद्ध पत्नीस, 'बाई, रात्री झोंप मिळते ना?' असे विचारावयाचे राहूनच जाते. हा दोष आमचाच.

अमेरिकेतील शुल्झ व बीच या संशोधकांनी ६६ ते ९६ वर्षांच्या विवाहित वृद्धांची चार वर्षे पाहणी केली. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, जोडीदाराच्या शुश्रूषेचा ताण ज्यांस जाणवत होता, त्यांस मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांहून ६३ टक्के अधिक होता; ताण न जाणवणाऱ्यांत तशी वाढ आढळली नाही. तेव्हां सेवेस बोल लावूं नये. विसाव्यावांचून एकटीने वाहिलेला भारच घातक, असे आम्हांस वाटते.

शेजाऱ्यांनी आळीपाळीने दोन तास रोग्यापाशी बसावे. तेवढ्यांत त्या माउलीस स्वतःच्या औषधासाठी दवाखान्यांत जाऊन येतां येईल.