सुख, समाधान आणि निमूटपणा



सुख आणि समाधान हे दोन शब्द मराठी माणूस नेहमी जोडीने वापरतो. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादात, पत्राच्या अखेरीस, दसऱ्याचे सोने देताना ते हातात हात घालूनच येतात. त्यामुळे दोहोंचा अर्थ एकच, असा समज होतो. परंतु भाषा इतकी उधळी नसते. एका अर्थासाठी दोन शब्द ती फार काळ पोसत नाही.

'सुख' या शब्दाची एक व्युत्पत्ती काही कोशकार देतात, ती या परिसरातल्या कोणाही जुन्या गाडीवानाला पटावी अशी आहे. 'ख' म्हणजे छिद्र, चाकाच्या मध्यभागी आस बसतो ते. ते नीट असले की गाडी न खडखडता चालते, ते सुख. ते बिघडले की प्रत्येक खड्ड्याचा हिशेब हाडांना द्यावा लागतो, ते दुःख. व्युत्पत्ती वादातीत आहे असे नाही, पण सुंदर आहे. 'समाधान' या शब्दाची जात मात्र वेगळी. त्यात नीट जुळवून ठेवण्याचा अर्थ आहे, म्हणूनच आपण 'शंकासमाधान' म्हणतो. सुख हा प्रवासाचा गुण. समाधान हे प्रश्नाला मिळालेले उत्तर. तेव्हा माणूस समाधानी कशाने होतो, हे विचारण्याआधी त्याचा प्रश्न कोणता होता, हे विचारले पाहिजे.

या गावाचेच उदाहरण घेऊ. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी संकेश्वराला वळसा घालते, आणि तरीही काठापासून दूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या पाण्याचाच होता. नदी दिसत होती, पाणी चढत नव्हते. हुक्केरी तालुक्यात १९६९ साली ग्रामीण वीज सहकारी संस्था स्थापन झाली. देशात प्रयोगादाखल अशा ज्या पहिल्या पाच संस्था निघाल्या, त्यांतली ही एक. सहकारमहर्षी अप्पणगौडा पाटील यांचे नाव या संस्थेशी आणि संकेश्वरच्या हिरण्यकेशी सहकारी साखर कारखान्याशी कायमचे जोडलेले आहे. वीज येणे म्हणजे नुसता दिवा लागणे नव्हे. विहिरीवरची मोट सुटली, पहाटेचे जात्यावरचे दळण गिरणीत गेले, रात्री मुलाच्या पुस्तकावर काजळी धरेनाशी झाली. ज्यांनी मोट ओढली आणि जाते फिरवले, त्यांच्या दृष्टीने हे सुख खरे होते. 'भौतिक सुखे ती काय!' असे म्हणणाऱ्यांनी बहुधा एक पायलीही दळलेली नसते.

पण जो मुलगा दिव्याखाली जन्मला, त्याला दिव्याचे काय? त्याला वीज जाण्याचे दुःख ठाऊक आहे, असण्याचे सुख नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली हाच पेच आकड्यांत मांडला. एकाच देशात श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतात. परंतु वर्षानुवर्षे सगळ्या देशाचे उत्पन्न वाढत गेले, तरी लोकांचे सुख त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही. पुढे काही अभ्यासकांनी या निष्कर्षाला आव्हान दिले, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. तथापि त्यामागचे कारण कळण्यास विद्यापीठात जावे लागत नाही. शेजाऱ्याच्या माडीचा पहिला चिरा बसताच आपले कालपर्यंत पुरेसे असलेले घर बुटके वाटू लागते. १९७८ साली तेथीलच इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांची पाहणी झाली. ते इतरांहून फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट गप्पागोष्टी, न्याहारी अशा रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली होती.

महाभारतकारांना हे ठाऊक होते. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आलेला ययाती आपल्या मुलाचे, पुरूचे तारुण्य मागून घेतो, हजार वर्षे भोगतो, आणि अखेर भोगाने वासना शमत नाही हे कबूल करतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये 'ययाती' प्रसिद्ध केली ती ही जुनी कथा पुन्हा सांगण्यासाठी नव्हे. स्वातंत्र्य मिळून बारा वर्षे झाली होती, सुखाची साधने दिसू लागली होती, आणि त्यांमागे धावणारा नवा मध्यमवर्ग त्यांना दिसत होता. त्यांचा ययाती पुराणातला राजा कमी आणि आपल्यातला एक अधिक आहे. या कादंबरीला १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले आणि १९७४ साली खांडेकर ज्ञानपीठाचे पहिले मराठी मानकरी ठरले. परंतु या पुरस्कारांहून बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ययातीची अतृप्ती रंगवणाऱ्या या लेखकाने १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्यासारख्या लहानशा गावी शाळामास्तरकी केली. प्रकृती साथ देत नव्हती, उत्तरायुष्यात तर दृष्टीही गेली. तरी शब्द थांबले नाहीत. या माणसाला सुखी म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होतील. त्याला समाधान लाभले नाही असे म्हणणे मात्र कठीण.

येथवर सारे ठीक आहे, आणि अनेक व्याख्याने येथेच संपतात. वासना आवरा, असेल त्यात आनंद माना, हा उपदेश श्रोत्यांना आवडतोही. पण तो कोण कोणाला करतो, हे पाहिले पाहिजे. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला समाधानाचा महिमा सांगणे हा आपल्या समाजातला फार जुना उद्योग आहे. समाधान आणि निमूटपणा यांत अंतर आहे, आणि ते पाहण्यासाठी संकेश्वराहून निपाणीपर्यंत गेले तरी पुरे.

निपाणीची तंबाखू दूरवर पोचली. ती पिकवणाऱ्याच्या आणि निवडणाऱ्या बाईच्या पदरी काय पडले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. वखारीत दिवसभर तंबाखूच्या धुरळ्यात बसायचे, खोकत घरी जायचे, मजुरी मिळेल ती घ्यायची, वर मुकादमाची बोलणी खायची. या बायका 'समाधानी' होत्या का? कोणी विचारले असते तर 'चाललंय बरं' असेच उत्तर आले असते. १९८० च्या सुमारास त्यांनी संघटना बांधली आणि हजारोंच्या संख्येने त्या उभ्या राहिल्या. दीपा धनराज यांच्या 'युगांतर' या चित्रपटगटाने त्यांच्याच सहभागाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यातल्या बायकांचे चेहरे पाहावेत. कष्ट मिटलेले नाहीत, दारिद्र्य हटलेले नाही. पण मान वर आहे. त्यांचा प्रश्न केवळ मजुरीचा नव्हता, आपल्याला माणूस म्हणून मोजले जाते की नाही हा होता.

त्याच काळात तंबाखूच्या भावासाठी शेतकरी उठला. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकऱ्यांनी ठाण मांडले. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. सुखाच्या व्याख्यानात हा उल्लेख कोणाला विसंगत वाटेल. परंतु त्या रस्त्यावर भाकरी बांधून आलेली, आठवडेच्या आठवडे उघड्यावर राहिलेली माणसे अतृप्त ययातीच्या जातीची नव्हती. ययातीला अधिक हवे होते. यांना आपले हवे होते. असमाधानाच्या या दोन जाती एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

आता उरला तो माणसांचा सहवास. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांच्या आयुष्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पुढे बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलेही त्याला जोडली गेली आणि एकूण ७२४ जणांचा मागोवा त्यांच्या वार्धक्यापर्यंत घेतला गेला. पैसा, कीर्ती, बुद्धी यांपेक्षा जिव्हाळ्याच्या नात्यांनी माणसे अधिक सुखी आणि निरोगी राहतात, असे त्यातून दिसले. आपल्या आजीने हे एका म्हणीत सांगितले असते. फरक एवढाच, की विद्वानांनी त्यासाठी पाऊणशे वर्षे वाट पाहिली.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाकडेही या नजरेने पाहता येईल. सीमाभागात बाजार दोन भाषांत चालतो. मिरचीचा भाव कन्नडमध्ये विचारला जातो आणि घासाघीस मराठीत होते, यात कोणाला नवल वाटत नाही. अशा ठिकाणी लोकांनी वर्गणी काढून मराठी पुस्तके जमवावीत, जपावीत आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यावीत, यात सुखाचा भाग थोडा. कपाटांना वाळवी लागते, वर्गणी थकते, नेलेले पुस्तक वेळेवर परत येत नाही. तरीही वाचनालयात सकाळी वर्तमानपत्र सोडले जाते तेव्हा पहिले पान एकाच्या हाती असते, आतले दुसऱ्याच्या. आणि तिसरा, चष्मा पुसत, कोणाचे वाचून होते याची वाट पाहत असतो.